माईक गेला नव्हता

शाळेच्या पातेल्यात मीठ टाकलं की ती पदराला गाठ मारायची. मीठ दोनदा पडू नये म्हणून.

फोन कानाला लावायच्या आधीच "बोला" म्हणायची. समोरच्याला ते कधी ऐकूच जायचं नाही.

बसमध्ये बसली की उजव्या हाताची बोटं समोरच्या सीटच्या दांडीवर चालायची. अंगठा चालायचा नाही.

सुईत दोरा ओवताना श्वास धरायची. दोरा आत जाईपर्यंत सोडायची नाही.

कुणी गेल्याची बातमी आली की जिथं असेल तिथं आधी पायातल्या चपला काढायची. एकदा भोकरदनच्या स्टँडवर, भर उन्हाळ्यात, तिनं डांबरावर चपला काढल्या. मी म्हटलं, "ताई, पाय भाजतील." ती म्हणाली, "भाजू दे. दोन मिन्टाचं काम हाय."

बेबीनंदाताई गेली त्याला आज अठ्ठावीस दिवस झाले. वरच्या पाच नोंदी मी तिच्या जलदानाच्या दिवशी एका पत्रिकेच्या मागे लिहिल्या. सहावी सुचली नाही. मी मराठी घेऊन एम. ए. केलं. शोकावर बरंच वाचलं होतं. त्यातलं काही त्या दिवशी हाताशी आलं नाही.

ती हसनाबादच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. वय सत्तेचाळीस. नवरा भारत भोकरदन रोडला काळीपिवळी जीप चालवतो. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. माहेर आमच्या भिंतीला लागून. तिची आई नंदाबाई आणि माझी आई एकाच नळावर भांडत म्हाताऱ्या झाल्या.

तिचे वडील कडूबा. गाव त्यांना पेटीमास्तर म्हणायचं, घरचे आणि आम्ही शेजारी आबा म्हणायचो. त्यांची गायन पार्टी होती. आबा पेटीवर, लतीफचाचा ढोलकवर, कचरूभाऊ गायला, मागे दोघं-तिघं साथीला. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, नामकरण, आणि जलदान. आमच्याकडे माणूस गेलं की काही दिवसांनी जलदान विधी होतो. बौद्धाचार्य त्रिशरण, पंचशील देतात. मग पार्टी गाते. मग जेवण.

पार्टीचा एक रिवाज होता. पार्टीतल्या कुणाच्या घरचं जलदान असलं की पार्टी स्वतः गाते. दुसऱ्या गावची पार्टी बसवायची नाही. दुसऱ्या पार्टीचा माणूसही उसना घ्यायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं तसं चालत आलेलं.

ताईला पेटी आबांनीच शिकवली. नऊ वर्षांची असताना. ती सुरेख वाजवायची. हे मी शेजारी म्हणून सांगत नाही. बी. ए.पासून एम. ए.पर्यंत माझा सगळा अभ्यास भिंतीपलीकडच्या तिच्या पेटीवर झाला. शाळेतून आली, भांडी झाली की पाचच्या सुमाराला माहेरी यायची आणि तासभर वाजवायची. एकटी.

कुणी सोबत बसलं की संपलं. लहानपणी आबांनी तिला तीनदा पार्टीत बसवलं. तिन्ही वेळा ती उठून गेली. मग लग्न झालं आणि कुणी म्हटलं नाही. आबांनी जबरदस्ती केली नाही. पाहुण्यांना सांगायचे, "माही पोरगी घरातली वाजवणारी हाय." कौतुकानं सांगायचे. ती चहाचे कप उचलून आत जायची.

मग एका हिवाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळायचं. बोटं मात्र गेली. पार्टीला पेटी उरली नाही. कचरूभाऊ येऊन बसले. म्हणाले, "एक तं बेबीला बसवा, न्हाई तं पार्टी बंद करा. नुस्त्या ढोलकवर मी किती वरडू?" आबांनी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "जयंतीला बसते."

त्या जयंतीला मी तिसऱ्या रांगेत होते. विहारासमोर मांडव. आबांना पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आणून बसवलेलं. साउंड गावातल्याच प्रितमचं. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, जोडीला साउंडचा सेट. ताईनं पांढरी साडी नेसली होती. पेटीमागं ती लहान दिसत होती.

पहिल्या दोन ओळी चांगल्या गेल्या. तिसऱ्या ओळीला पेटीचा आवाज बंद झाला. तिची बोटं चालू होती. कचरूभाऊंनी गाता गाता माईककडं पाहिलं. मागून पोरं ओरडली, "आवाज! आवाज!" प्रितम धावत आला. पेटीपुढचा माईक ठोकला, हॅलो हॅलो केलं, वायर हलवली, दुसरा माईक आणला. कचरूभाऊ माईकवरूनच बोलले, "आरं प्रितम, असा सेट असतो व्हय? घरीच ठिवायचा व्हता, कोंबड्या तरी निजल्या असत्या त्याच्यावर." सगळे हसले. त्या गडबडीत ताई उठली. चक्कर येतेय म्हणाली. बाकीचा कार्यक्रम ढोलकवर झाला.

गावानं प्रितमला सोडलं नाही. त्याला बघितलं की कुणीतरी "हॅलो हॅलो" करायचं. पुढच्या महिन्यातल्या दोन लग्नांना लोकांनी राजूरहून साउंड मागवलं.

मलाही माईकच गेला असं वाटलं होतं.

पेटीला दोन्ही हात लागतात. उजवा पट्ट्यांवर चालतो, डावा मागचा भाता हलवतो. भात्यानं हवा दिली नाही तर पट्ट्या कितीही दाबा, आतून काही येत नाही. ताई घाबरली की श्वास धरायची. श्वासाबरोबर डावा हात थांबायचा. बोटं चालत राहायची आणि तिला ते वाजवताना कळायचंच नाही. तिच्या डोक्यात गाणं सुरू असायचं.

त्या दिवशी हे तिच्याखेरीज दोघांनाच कळलं होतं. आबांना, आणि तिच्या शेजारी बसलेल्या लतीफचाचांना.

लतीफचाचा तिसऱ्या दिवशी आले. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. अंगावर कायम कापसाचे तंतू. ओसरीवर आबांच्या बाजेशेजारी बसले. मी ताईला काकडी चिरू लागत होते.

"बेबी," चाचा म्हणाले, "पेटीत उंदीर शिरले काय?"

"काहून, चाचा?"

"न्हाई, मला त्या दिवशी नुस्ती टकटक ऐकू येऊन राह्यल्ती. थंडीत दात वाजतात तशी."

ताईचा विळीवरचा हात थांबला. "माईक गेल्ता," ती म्हणाली.

"बिलकुल गेल्ता. तुह्या डाव्या हाताचा माईक गेल्ता."

बाजेवर आबा हसले. अर्ध्या तोंडानं. ताईला आधी राग आला, मग रडू आलं. "तुमाला ठावं व्हतं तं तव्हाच काहून न्हाई बोलले? तो प्रितम बिचारा शिव्या खाऊन राह्यला."

"तू बोलली का?"

तिनं विळी परत पुढं ओढली. मी काकडी चिरत राहिले.

त्यानंतर चाचा दुकान बंद करून रोज यायला लागले. ढोलक घेऊन. ती एकटी वाजवायची तोवर ठीक. ढोलकवर पहिली थाप पडली की डावा हात थांबायचा. चाचांनी एकदा भात्याला घुंगरू बांधलं. हात थांबला की घुंगरू थांबेल, तिला कळेल. ती घुंगराकडंच ऐकत बसली आणि गाणं सोडून दिलं. चाचा म्हणाले, "जाऊ दे, पेटीला पैंजण शोभंना." घुंगरू सोडलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काही फरक पडला नाही. चाचा मात्र येत राहिले. आबा बाजेवरून ऐकायचे. डावा हात चादरीवर हलायचा, पुढं मागं, पुढं मागं. भाता मारल्यासारखा. तिच्या लक्षात यावं म्हणून असेल.

एकदा ती मला म्हणाली, "आबा हाय तवर एकदा पार्टीत नीट वाजवायचं हाय गं. बाकी काही न्हाई." एवढंच तिला हवं होतं. ती ते दुसऱ्या कुणाला सांगत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद. ती कापूस वेचायला जायची. मीही गेले. त्या दिवशी वेचणी लतीफचाचांच्याच रानात होती. सात-आठ बाया. वेचणीत प्रत्येकीला एक ओळ असते, तिला पात म्हणतात. सगळ्या एका बांधावरून सुरू करतात. कुणाचा हात भरभर चालतो, कुणाचा सावकाश. जिची पात आधी संपते ती रिकामी बसत नाही. मागं राहिलेल्या बाईच्या पातीत पलीकडून शिरते आणि वेचत वेचत तिच्याकडं येते. मधे कुठंतरी दोघी भेटतात. पात संपते.

ताईची पात मागं राहिली होती. मीना पलीकडून येत होती. मीना अंगणवाडीत मदतनीस आहे, ताईहून दहा-बारा वर्षांनी लहान. चाचा बांधावर उभे राहून बघत होते.

"ती मीना तुह्या पातीत काहून शिरली?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम विचारलं.

"शिरली न्हाई, चाचा. माही मागं राह्यली. ती सामोरून येऊन राह्यली."

"मंग तुला लाज न्हाई वाटत?"

"लाज कशाची? उद्या तिची मागं राहीन, मी जाईन."

"आन् ती येऊन राह्यली म्हणून तू हात थांबवती का?"

"थांबून कसं चालंल? मी बी वेचत गेले तं भेट व्हईल ना. थांबले तं ती बिचारी एकटीच कव्हा यायची?"

चाचा बांध उतरून तिच्या पातीशी आले. मग म्हणाले, "मंग ढोलक काय तुही सवत हाय का?"

मीना मोठ्यांदा हसली. ताई हसली नाही. हातात बोंड तसंच धरून उभी राहिली.

"आमी बी सामोरूनच येतो, बेबी," चाचा म्हणाले. "तू मागं राह्यली तं मी ठेका लांबवीन. कचरू ओळ दुसऱ्यांदा घेईन. आमाला चाळीस वर्षं तेच काम हाय. तुह्या बापासाठी बी केलं, त्याचा बी हात चुकायचा. तू फक्त थांबू नको."

त्या संध्याकाळी ती चुकत वाजवत होती. पण वाजवत होती. डावा हात दोनदा थांबला. तिनं स्वतःच ओळखलं आणि पुन्हा सुरू केला. चाचा तोवर ठेका धरून बसले होते. बाजेवर आबांनी चादर मुठीत धरली होती.

संक्रांतीपर्यंत ती चाचांबरोबर पुरं गाणं वाजवायला लागली. मग कचरूभाऊ येऊन बसायला लागले. ते यायचे तेव्हा ती एक-दोन गाणी नीट वाजवायची, तिसऱ्याला अडायची. लोकांसमोर अजून बसली नव्हती. ती म्हणायची, "बसले की प्रितमचं तोंड दिसतं. माईक ठोकत असलेलं." त्याला खरं सांगायचं म्हणून ती दोनदा त्याच्या दुकानात गेली. दोन्ही वेळा चार्जर घेऊन आली.

"सांगितलं का?" मी विचारायचे.

"गिऱ्हाईक व्हतं."

पुढच्या जयंतीला आबांसमोर बसायचं असं ठरलं होतं. फेब्रुवारीत, एका सकाळी, आबा उठले नाहीत. झोपेतच गेले. ताई शाळेत होती. तिला निरोप मिळाला तेव्हा मी तिथंच होते. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी माहेरापर्यंत चालत गेली. चपला शाळेच्या पायरीवर दोन दिवस तशाच होत्या.

जलदान सातव्या दिवशी ठरलं. आदल्या दिवशी ओसरीवर सगळे बसले. कचरूभाऊ म्हणाले, "शेजारच्या गावचा पेटीवाला बोलावतो. इतका मोठा माणूस, नुस्त्या ढोलकवर कसं करायचं?"

नंदाबाई आतून बाहेर आल्या. "चाळीस वर्षं ह्या माणसानं लोकाच्या जलदानाला वाजवलं," त्या म्हणाल्या. "आन् ह्याच्या जलदानाला उसना माणूस बसवता?"



"मी बसते," ताई म्हणाली.

"बस ना, बाई," कचरूभाऊ म्हणाले. "पण परत माईक गेला तं?"

त्यांनी ते अगदी खरेपणानं विचारलं. लतीफचाचा खोकले. ताई जमिनीकडं बघत होती.

जलदान सकाळी अकराला होतं. दारात कापडी मांडव, दोन-अडीचशे माणसं, आबांचा फोटो, फोटोला पांढरी फुलं. साउंड कुणी सांगितलं नव्हतं. प्रितम स्वतःच सेट घेऊन आला. त्याच्या आजोबांच्या जलदानाला आबांनी वाजवलं होतं. कचरूभाऊ त्याला म्हणाले, "आज तरी नीट हाय ना रे?" तो मान खाली घालून म्हणाला, "हाय, दादा." मग त्यानं प्रत्येक वायर तीन-तीनदा तपासली. एकदा तपासून झाली की पुन्हा पहिल्यापासून. ताई पेटीमागं बसून ते बघत होती.

त्रिशरण झालं. पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी पार्टीकडं हात केला. लतीफचाचांनी ढोलक मांडीवर घेतलं. ताईचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. ती सुरू करेना. चाचा थांबले. कचरूभाऊ थांबले. मला वाटलं, आता ही उठेल.

तिनं कचरूभाऊंसमोरचा माईक आपल्याकडं ओढला.

"मागल्या जयंतीला माईक गेला नव्हता," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला असावा, ती जरा दचकली. "प्रितमचा सेट चांगला व्हता. मी भाता मारायचं इसरले. नुस्त्या पट्ट्या दाबून राह्यल्ते. आबाला ठावं व्हतं. तुमाला सांगायचं राह्यलं."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं माय! आन् आमी त्या पोराला वर्सभर शिव्या देऊन राह्यलो!"

कुणीतरी हसलं. मग दुसरं. जलदानात, आबांच्या फोटोसमोर, सगळा मांडव हसला. नंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला दिसलं नाही. प्रितम मशीनपाशी उभा होता. त्यानं गरज नसताना एक बटण फिरवलं आणि परत जागेवर आणलं.

ताईनं भाता मारला.

दुसऱ्या कडव्याला तिचा खांदा ताठ झाला. मला ते ओळखता यायचं. पेटीचा आवाज बारीक झाला. चाचांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी ठेका लांबवला. कचरूभाऊंनी तीच ओळ पुन्हा घेतली. त्यांना आता कळलं होतं. तिचा डावा हात हलला. ओळ संपायच्या आत ती परत आली होती.

चार गाणी झाली. तिसऱ्यात ती अर्धी ओळ उशिरा शिरली. चौथं नीट गेलं. आबांनी हे ऐकलं नाही. मला त्या दिवशी तेवढंच वाटत राहिलं. तिला काय वाटलं, मी विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर प्रितम वायरी गुंडाळत आला. "ताई," तो म्हणाला, "ते दोन चार्जर चालतात का?"

"एक चालतो."

"दुसरा आणून द्या. बदलून देतो."

त्यानंतर तीन वर्षं ती पार्टीत होती. घनसावंगीपर्यंत गेली. बहुतेक जलदानालाच. कुणी मेलं की आधी चपला काढायची, मग चाचांना फोन करायची. एकदा परतताना काळीपिवळीत मी तिला विचारलं, "ताई, आता भीती वाटत नाही ना?"

"वाटती तं. पोटात गोळा यितोच."

"मग?"

"मंग काय? गोळा पोटात, हात भात्यावर. त्याचं तो पाहील." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. भारतभाऊ गाडी चालवता चालवता हसले.

गेल्या दिवाळीनंतर तिनं विहारात बायांना गोळा केलं. गुरुवार आणि रविवार, दुपारी तीनला. मीनासह सहाजणी. मीनाचा आवाज मोठा आणि गोड. अंगणवाडीत भांडी घासताना गाते तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबतात. चौघींत बसली की तिचा घसा बंद होतो. ताईनं तिला सगळ्यांत पुढं बसवलं नाही, मागंही बसवलं नाही. आपल्या डाव्या हाताला, भात्याच्या बाजूला बसवलं. "वारा लागंल," म्हणाली. आवाज अडला तरी तोंड हलवणं थांबवायचं नाही, एवढा एकच नियम होता.

त्या सहाजणींना ती आबांचं एक गाणं शिकवत होती. आबांनी झटका यायच्या वर्षी लिहिलेलं. वस्तीतल्या बायांनी बुद्धाची पहिली मूर्ती भोकरदनहून पायी, आळीपाळीनं डोक्यावर कशी आणली त्याचं. आबांची आई त्यात होती. गाण्याला चार कडवी. पहिल्या तिन्हींची चाल एक. चौथ्याची चाल पलटते, वर चढते. मूर्ती गावाच्या शिवेवर पोचते ते कडवं. कचरूभाऊंचा गळा तिथं पोचत नाही, म्हणून पार्टीनं ते कधी म्हटलं नाही. आबांनी ते फक्त ताईला बसवून दिलं होतं. ती म्हणायची, "हे बायांचंच गाणं हाय. बायांचा गळा जाईन तिथं." बुद्धपौर्णिमेला म्हणायचं ठरलं होतं.

ती घाई करत नव्हती. सहाच्या सहा जणी एकत्र पोचल्याशिवाय पुढचं कडवं नाही. मीना अडली की बाकीच्यांना ओळ परत घ्यायला लावायची. एका कडव्याला महिना-दीड महिना लागायचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, रविवारी, तिसरं कडवं झालं. मीनाचा आवाज शेवटपर्यंत आला. ताईनं पेटीचं झाकण लावलं. म्हणाली, "आता गुरुवारी चौथं. त्याला दम लागतो. उपाशी कोणी येऊ नका."

बुधवारी शाळेत तांदूळ धुताना ती म्हणाली, डोकं दुखतंय. भिंतीला टेकून बसली. भारतभाऊंनी स्वतःच्या गाडीत घातली. आधी भोकरदन, तिथून जालना. जालन्याच्या अलीकडंच ती गेली. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. मी निरोप ऐकला तेव्हा वाचनालयात होते. हातातलं पुस्तक मी परत जागेवर ठेवलं, नंबर बघून, बरोबर खणात. ते का केलं, मला कळत नाही.

तिच्या जलदानाला पार्टी बसली. पेटी मधे ठेवली, झाकण लावून. उसना माणूस आणला नाही. कचरूभाऊ दोन गाणी गायले आणि थांबले. मग मीना उठून पुढं आली. तिच्यामागं पाचजणी. त्यांनी आबांचं गाणं सुरू केलं. लतीफचाचांनी ठेका धरला. मीना पहिल्या ओळीत अडली, दुसऱ्या ओळीत नाही. तीन कडवी झाली. मग त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. नंदाबाईंनी दिलेला चौथ्या कडव्याचा कागद माझ्या हातात होता. आबांच्या अक्षरात आठ ओळी. शब्द सगळे आहेत. चाल नाही.

चाचा बराच वेळ ठेका धरून होते.

नंतर मी सगळ्यांना विचारलं. कचरूभाऊंना ती चाल येत नाही. नंदाबाईंना आठवत नाही, त्या म्हणतात, "तो गुणगुणायचा, मी स्वयपाक करायचे." भारतभाऊंच्या फोनमध्ये एक रेकॉर्डिंग आहे, ते तिसऱ्या कडव्यापाशी संपतं. प्रितमनं ताईचा फोन उघडून पाहिला, त्यात काही नाही. लतीफचाचांना एवढंच माहीत आहे की चौथ्याला ठेका धिमा होतो. किती धिमा, तेही नक्की नाही.

बुद्धपौर्णिमा नऊ दिवसांवर आली आहे. सहाजणी अजून गुरुवारी तीनला विहारात जमतात. जेवून येतात. तीन कडवी म्हणतात. चौथं ताईनं शिकवायचं होतं.